बारावी कॉमर्स, वय २९ आणि नर्सिंगला जायचंय: कुठला कोर्स धरायचा, गोव्यातल्यांसाठी

मला आठवड्याला एक तरी माणूस विचारतोच, कधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कधी व्हॉट्सॅपवर, की तू कसं केलंस रे, मी पण हॉटेलात कंटाळलोय, किंवा वेर्ण्याला फार्मा कंपनीत पॅकिंगला आहे, वय तीसला आलंय, आता नर्सिंग होईल का. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझं थोडक्यात सांगतो. मी पेडण्याचा, बारावी कॉमर्स, सहा वर्षं क्रूझवर केबिन स्टुअर्ड होतो, २०२० ला जहाजं बंद पडली आणि आम्ही सगळे तारवटी घरी येऊन बसलो. त्याच वर्षी २९ व्या वर्षी जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली, आता एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. म्हणजे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं अंगावर घेऊन शिकलेलं आहे.

आधी अमेरिकेचे व्हिडिओ बंद करा

हे पहिलं सांगतो कारण इथेच निम्मे लोक फसतात. यूट्यूबवर "करिअर चेंज टू नर्सिंग" टाकलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात, त्यात बाई सांगते की माझी मार्केटिंगची डिग्री होती आणि मी सव्वा वर्षात बीएससी नर्सिंग केलं. खोटं नाही ते, तिकडे दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठी वेगळा फास्ट कोर्स असतो, साधारण १२ ते १८ महिन्यांचा, शिवाय दोन वर्षांची असोसिएट डिग्री करून एनक्लेक्स परीक्षा दिली तरी रजिस्टर्ड नर्स होता येतं, आणि काही ठिकाणी दुसऱ्या पदवीवरून सरळ मास्टर्सलाही घेतात. आपल्याकडे यातलं काही म्हणता काही नाही. तुम्ही बीकॉम असा, बीई असा, एमबीए करून पणजीत बँकेत असा, नर्सिंगला गेलात की पहिल्या वर्षाला, १७-१८ वर्षांच्या पोरांच्या बाजूच्या बाकावर. एक दिवस पण कमी होत नाही. तुमच्या डिग्रीची इथे कोणी फोटोकॉपी पण मागत नाही, मागतात ती बारावीची मार्कशीट.

आणि घरबसल्या, पोस्टाने, ऑनलाईन असलं नर्सिंग तर नाहीच. रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर रोज वर्गात आणि वॉर्डात उभं राहावं लागतं.

मग बारावीची मार्कशीट काढा

कपाटातून खरंच काढा, अंदाजाने बोलू नका. एका मित्राला वाटत होतं त्याला इंग्लिशला पन्नासच्या वर होते, निघाले ३८. तर बघायचं ते असं.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही आहेत, तिघांचे मिळून ४५ टक्के आहेत आणि इंग्लिश पास आहात, तर तुम्हाला बीएससी नर्सिंगचा दरवाजा उघडा. एससी-एसटीला ५ टक्के सूट असते. मॅथ्स घेऊन बायोलॉजी सोडली असेल तर सायन्सवाले असूनही बीएससी नाही, हे खूप जणांना शेवटच्या दिवशी कळतं.

आर्ट्स, कॉमर्स, कुठल्याही शाखेची बारावी आहे, एकूण ४० टक्के आणि इंग्लिशमध्ये पण ४० टक्के आहेत, तर जीएनएम. माझं हेच.

कॉमर्सवाल्यांना तिसरा एक रस्ता आहे, एनआयओएस म्हणजे ओपन स्कूलमधून सायन्स विषय आणि इंग्लिश घेऊन बारावी पुन्हा करायची आणि मग बीएससीला जायचं, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या (देशभरच्या नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमात एनआयओएस चालतं. पण जिथे जायचंय त्या कॉलेजला आधीच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, काउंटरवरच्या "होता होता, या तुम्ही" वर वर्ष घालवू नका.

वय

जीएनएमला किमान १७ आणि जास्तीत जास्त ३५. वय मोजतात ॲडमिशनच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. बीएससीला किमान वय तेच १७, वरच्या वयाची ओळ त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये पहिल्यांदा शोधा, फी आणि हॉस्टेल नंतर वाचा. लग्न झालेलं असलं तरी घेतात, पोरं असली तरी घेतात, माझ्या बॅचला एक वहिनी होत्या ज्यांचा मुलगा चौथीत होता आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या फोनवरून त्याचा पाढा घ्यायच्या. अजून एक, २०२३ साली जुन्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा झालाय, त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलेल्या अटींवर जाऊ नका, चालू वर्षाचं प्रॉस्पेक्टस हाच आधार.

कोर्स कुठले कुठले आहेत

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाईफ, दोन वर्षांचा, मुख्यतः बायकांसाठी, बारावीवर. गावातलं काम, उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरोघरी फिरणं. ज्यांना हॉस्पिटलात कोंडून घ्यायचं नाही त्यांना बरा. पुढे एएनएमवरून जीएनएमला जाता येतं, आणि त्यांना जीएनएमच्या वयाची अटही आड येत नाही, हे सत्तरी-सांगेकडच्या आशा वर्कर बायांना सांगावंसं वाटतं कारण त्यांना कोणी सांगत नाही.

जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पूर्वी साडेतीन वर्षांचा होता. हा "डिप्लोमा" आहे म्हणून नाक मुरडू नका, रजिस्ट्रेशन तेच, आरएनआरएम, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाईफ. आमच्या आयसीयूत जीएनएमवाला आणि बीएससीवाली एकाच रोस्टरवर असतात, रात्री अडीच वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की पेशंट तुमची मार्कशीट विचारत नाही. "जीएनएम बंद होणार" हे मी ॲडमिशन घेतली तेव्हापासून ऐकतोय. कौन्सिलने मध्ये तसं ठरवलं होतं हे खरं पण मग मागे घेतलं.

बीएससी नर्सिंग चार वर्षं, आता आठ सेमिस्टरमध्ये, युनिव्हर्सिटीची डिग्री. गोव्यात सरकारी म्हणजे बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, गोमेकॉच्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या बाजूलाच, गोवा युनिव्हर्सिटीखाली. फी आणि क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण, दोन्ही बाबतीत तिथे सीट लागली तर डोळे मिटून घ्या, कारण शिकायला गोमेकॉसारखं हॉस्पिटल मिळणं म्हणजे अर्धं शिक्षण आपोआप होतं.

पोस्ट बेसिक बीएससी दोन वर्षं, ही जीएनएम झालेल्या रजिस्टर्ड नर्ससाठी. हे केलं की तुम्ही पदवीधर, आणि मग एमएससीला पण जाता येतं. एमएससीला ५५ टक्के आणि वर्षाचा अनुभव लागतो. शिकवायला जायचं डोक्यात असेल तर एमएससीशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय एक-एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत, क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, ऑपरेशन थिएटर, नवजात बाळांचं असे, त्यांची चिंता आत्ता करू नका.

आणि आता जो कोर्स नाही तो. "नर्सिंग असिस्टंट", "पेशंट केअर", "होम नर्सिंग", सहा महिने ते एक वर्ष, दहावी पास चालेल, शंभर टक्के जॉब. असले बोर्ड म्हापशात, मडगावात, फोंड्यात सगळीकडे दिसतात. काम म्हणून ते काही हलकं नाही, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारे लागतातच आणि गोव्यात तर पोरं परदेशात नि आईबाप इथे एकटे म्हणून फारच लागतात. पण त्यातून नर्स म्हणून रजिस्ट्रेशन कधीच होत नाही, पुढच्या कोर्सला ते वर्ष धरत नाहीत, आणि हे ॲडमिशन देताना कोणी तोंडातून काढत नाही. एकच प्रश्न विचारायचा, "हा कोर्स झाल्यावर नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळतो का?" समोरचा विषय बदलायला लागला की चहा पिऊन उठायचं.

माझा हिशेब, आणि तुम्ही तुमचा कसा करायचा

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर हा हिशेब झाला होता, बाबांच्या जुन्या रेशन कार्डाच्या मागच्या बाजूला. एका बाजूला लिहिलं: एनआयओएस कमीत कमी एक वर्ष, बीएससी चार वर्षं, एकूण पाच, पाचही वर्षं कमाई शून्य. दुसऱ्या बाजूला: जीएनएम तीन, पोस्ट बेसिक दोन, एकूण पाच, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी रजिस्ट्रेशन हातात, वाटलं तर मध्ये थांबून कमवा, नाही वाटलं तर तिथेच थांबा. आईने एवढंच विचारलं, "मध्येच बाबांना काय झालं तर कुठल्यात सोडून येता येईल?" तिथे हिशेब संपला.

माझं मत मी लपवत नाही: वय वाढलेल्या माणसाने रजिस्ट्रेशन जितक्या लवकर हातात येईल तो कोर्स घ्यावा, डिग्रीचं नाव मागाहून वाढवता येतं. पण पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) असेल, वय पंचवीसच्या आत असेल आणि घरचे चार वर्षं सांभाळतील तर जीएनएमचा आडवळणाचा रस्ता घेऊ नका, सरळ बीएससी, चार वर्षांत संपतं आणि परत बाकावर बसायला लागत नाही. मधले जे आहेत, पीसीबी आहे पण वय ३२ आणि घराचा हप्ता चालू, त्यांनी खालचा पैशाचा भाग नीट वाचा.

फी हा खर्चाचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे न येणारा पगार. तर घरचा महिन्याचा खरा खर्च लिहा, गॅस, वीज, आईबाबांची औषधं, पेट्रोल, चवथीचा म्हणजे गणपतीचा खर्च, सगळं, आणि त्याला जीएनएमच्या ३६ महिन्यांनी नाही, ४२ ने गुणा. जास्तीचे सहा महिने कशाला, तर शेवटची परीक्षा, निकाल, सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, नोकरी यांच्यामध्ये जे लटकणं असतं त्यासाठी, माझे पाच महिने त्यात गेले आणि तेव्हाच खिसा सगळ्यात रिकामा असतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शिक्षण कर्ज आहे, त्याच्या अटी वाचून घ्या, बँकांचं एज्युकेशन लोन आहेच.

"शिकता शिकता रात्रीची नोकरी करीन" असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी ते काढून टाका. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकलला १०० टक्के. शंभर म्हणजे शंभर. ती गंमत सांगतो.

पहिल्या वर्षी मी सांगून न सांगितल्यासारखं करून चवथीला घरी आलो. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा, माटोळी (गणपतीच्या वरची फळा-पानांची चौकट) बांधायला मी नसेन तर काका बोलणार, जहाजावर असताना सहा वर्षं चुकलेली ती वेगळी, म्हणून पाचाचे सात दिवस झाले. परत गेलो तर ट्यूटर काहीच बोलल्या नाहीत, वहीत सात आकडा लिहिला आणि वही बंद केली. मला वाटलं सुटलो. वर्ष संपल्यावर सगळी पोरं सुट्टीला घरी गेली आणि मी एकटा हॉस्टेलात, पेडियाट्रिक वॉर्डात ते सात दिवस फेडत, मेसपण बंद, बाहेर रोज वडापाव. दिवस फेडल्याशिवाय परीक्षेच्या फॉर्मवर सहीच होत नव्हती.

कॉलेज बघताना

गोव्यात जागा मोजक्याच, त्यामुळे आपली बरीच पोरं बेळगावला, कोल्हापूरला, अजून खाली कर्नाटकात जातात. मी पण बाहेरच केलं. बाहेर जाणं वाईट नाही, एजंटच्या हाताने जाणं वाईट. मला एक भेटला होता, गोडबोल्या, म्हणाला "हजेरीचं आम्ही बघतो, तू फक्त परीक्षेला ये," आणि टोकन म्हणून दहा हजार घेऊन गेला. ते दहा हजार परत आले नाहीत पण ते कॉलेज घेतलं नाही याचं मला आजही बरं वाटतं, कारण फक्त परीक्षेला जाऊन झालेला नर्स पहिल्या आठवड्यात वॉर्डात उघडा पडतो, आणि त्यात पेशंटचा जीव असतो.

बघायच्या गोष्टी तीनच, पण स्वतः बघायच्या. एक, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाईटवरच्या यादीत कॉलेजचं नाव त्या चालू वर्षासाठी आहे का, त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि बीएससी असेल तर कुठल्या युनिव्हर्सिटीखाली. दोन, मुलं क्लिनिकलला कुठल्या हॉस्पिटलात जातात आणि तिथे खाटा किती भरलेल्या असतात. नियमाने एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. त्या हॉस्पिटलात दुपारी चार वाजता नातेवाईकासारखं जाऊन एक फेरी मारा, खाटा रिकाम्या आणि विद्यार्थी भिंतीला टेकून मोबाईलवर, असं दिसलं तर समजून घ्या. तीन, शेवटच्या वर्षाच्या पोरांना गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा किती डिलिव्हऱ्या स्वतःच्या हाताने केल्या. तिथे जे ऐकाल ते प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये ऐकायला मिळत नाही.

बाहेरच्या राज्यात केलंत तर रजिस्ट्रेशन आधी त्या राज्याच्या कौन्सिलमध्ये होतं, मग गोव्यात काम करायला गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव आणावं लागतं. त्यात एनओसी, पत्रं, फी, फेऱ्या असं सगळं आलं. ओरिजिनल कागद कुठेही देताना पोच घ्या आणि स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

जुन्या नोकरीतलं काय उपयोगी पडतं

पहिल्या वर्षी फंडामेंटल्सच्या लॅबमध्ये पहिलं प्रॅक्टिकल बेडमेकिंग असतं. मी सहा वर्षं दिवसाला तीस-चाळीस बेड घातलेला माणूस, चादरीचा कोपरा असा तिरका दुमडून आत घातला की ट्यूटरबाई थांबून बघत राहिल्या, "कुठे शिकलास?" सगळ्या वर्गासमोर दोनदा करून दाखवायला लावलं. छाती फुगली माझी. दुसऱ्याच आठवड्यात वॉर्डात गेलो, तिथे बेडवर माणूस होता. लकवा मारलेले आजोबा, अंग जड, आणि चादर बदलायची ते झोपलेले असतानाच. एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, नवी तिच्या मागोमाग पसरायची, खाली मॅकिंटॉश (रबरी चादर) आणि ड्रॉशीट (तिच्यावरची आडवी छोटी चादर) सरळ, मग त्या गुंडाळीवरून त्यांना दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून सगळं ओढायचं, आणि हे करताना त्यांचं अंग उघडं पडू द्यायचं नाही. मला वीस मिनिटं लागली, घामाघूम झालो, सुरकुती राहिली ती राहिलीच. इन्चार्ज सिस्टरने हात फिरवून ती सुरकुती दाखवली आणि म्हणाल्या, "हॉटेलात याने कंप्लेंट येते, इथे याने पाठीला जखम होते." त्या आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलायची होती, मी तो आठवडाभर बदलत राहिलो.

पण वाया काही जात नाही. रागावलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलणं, नाव लक्षात ठेवणं, बारा तास पायावर उभं राहणं, हे हॉटेलवाल्यांना आणि जहाजवाल्यांना येतं आणि १८ वर्षांच्या पोरांना येत नाही. फार्मावाल्यांना बॅच नंबर, एक्स्पायरी, लिहिल्याशिवाय काम झालं असं न मानणं, याची सवय असते, ती वॉर्डात सोन्यासारखी. कॉलसेंटरवाल्यांना नाईटची सवय असते. अभ्यास मात्र जड जातो, खोटं नाही सांगत, ॲनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजीला कॉमर्सच्या माणसाचा पहिल्या सहा महिन्यांत दम निघतो. मी अकरावी-बारावीची बायोलॉजीची पुस्तकं शेजारच्या पोरीकडून आणून वाचली आणि मगच बाकीचं डोक्यात शिरायला लागलं, हे ॲडमिशनच्या आधीच करा.

पुरुषांना घेतात का, हे पण विचारतात. घेतात. मिडवायफरी पण करावी लागते, लेबर रूमलाही पोस्टिंग असतं, बाई नको म्हणाली तर गप बाहेर उभं राहायचं आणि पुढच्या केसची वाट बघायची.

पुढे कुठे जायचंय ते आत्ताच ठरवा, कारण त्यावरून कोर्स ठरतो

गोव्यातली सरकारी नोकरी हवी असेल तर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि कोकणी हे तीन पाय. जाहिरातीत कोकणी आवश्यक असते, मराठी येत असेल तर चांगलं असं लिहिलेलं असतं. आणि खरोखर दोन्ही लागतात, गोमेकॉत सिंधुदुर्गातून किती पेशंट येतात ते एकदा ओपीडीत उभं राहून ऐका. वयाची अट बहुतेक जाहिरातीत ४५ पर्यंत असते त्यामुळे आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांना हाच सरकारी रस्ता खरा. एम्सच्या नॉरसेटचं, म्हणजे तिथल्या नर्सच्या भरती परीक्षेचं स्वप्न असेल तर तिथे वय १८ ते ३० आणि जीएनएमवाल्यांना शिवाय निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव. राखीव गटांना सूट मिळते, बाकीच्यांनी २७ ला जीएनएम सुरू केलं तर ते गणित जमतच नाही. माझ्यासाठी ती गाडी केव्हाच गेली होती.

खाजगीत सुरुवातीचा पगार हॉटेलातल्या पगारापेक्षा कमी निघाला तर धक्का बसू देऊ नका, माझा निघाला. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने म्हटलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नसावा आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतका असावा. शिफारस ती शिफारसच. इंटरव्ह्यूला जाताना हा आकडा माहीत असावा म्हणून सांगतो, आणि सही करण्याआधी बॉण्ड आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतात का हे विचारा. मी न विचारता सही केली आणि दीड वर्ष माझी ओरिजिनल त्यांच्या कपाटात होती.

गल्फला जायचं तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव, डेटाफ्लोची कागदपत्रांची तपासणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा. तिथे काही ठिकाणी जीएनएम चालतं पण बीएससीला उजवं धरतात. यूकेला एनएमसी म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन, त्यासाठी इंग्लिशची आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर ऑस्की नावाची प्रॅक्टिकल. आता आपल्याकडचा खास प्रश्न, "माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, मग सोपं ना?" पासपोर्टने विमानतळावरची रांग बदलते, नर्स म्हणून रजिस्ट्रेशन त्याने होत नाही, त्या सगळ्या परीक्षा तुम्हालाही तशाच. आणि ब्रेक्झिटनंतर आधीचा सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (तिथे राहायचा आधीपासूनचा हक्क) नसेल तर यूकेत कामाचा व्हिसा पण लागतो. वर तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं आणि गोव्यातल्या सरकारी नोकरीचा रस्ता बंद, म्हणून घरात दोन्ही बाजूंची चर्चा करूनच फॉर्म भरा.

जहाजावर परत नर्स म्हणून जाता येतं, माझ्या डोक्यात ते अजून आहे. तिथे इमर्जन्सी किंवा आयसीयूचा काही वर्षांचा अनुभव मागतात, म्हणूनच मी कमी पगारावर आयसीयू घेतलं आणि डे-केअर सेंटरची सोपी नोकरी सोडली. गावाकडे राहायचं असेल तर कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचं बघा, बीएससी किंवा जीएनएमवर सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो आणि मग आरोग्य केंद्रात काम.

ॲडमिशनच्या आधीचे सहा महिने

हिपॅटायटिस बी ची लस आजच सुरू करा, तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, म्हणजे वॉर्डात पाय टाकण्याआधी पूर्ण व्हायला हवी, सुई टोचायची ती पहिल्याच वर्षी टोचते. नोकरी सोडू नका, शेवटच्या महिन्यापर्यंत कमवा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार आणि मार्कशीट यांवर नाव एकसारखं आहे का बघा, गोव्यात आडनावांची स्पेलिंगं आणि बापाचं नाव मध्ये आहे-नाही याचा घोळ घराघरात आहे आणि तो निस्तरायला मामलेदाराकडे किती चकरा होतात ते ज्याने मारल्या त्यालाच ठाऊक. घरात कोणी ॲडमिट असेल तर रात्री सोबतीला तुम्ही राहा, बेडपॅन, उलटी, ओरडणारा शेजारचा पेशंट, पहाटे चारला व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घ्यायला आलेली सिस्टर, एवढं बघूनही सकाळी "हेच करायचंय" वाटलं तर फॉर्म भरा. आणि बूट चांगले घ्या, एक नंबर मोठे, कारण नाईटच्या शेवटी पाय सुजतात, मी पहिले तीन महिने जहाजावरचेच जुने काळे बूट घातले होते आणि दोन्ही अंगठ्यांची नखं गेली.